बीथोव्हेनची पहिली सोनाटा हाताखाली सपाट का वाजते?

विचारणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी पियानो शिकायला घेतला, आठ वर्षे नेटाने रियाज केला आणि गेले तीन महिने ते बीथोव्हेनची एफ मायनरमधील सोनाटा (पियानोसाठीची अनेक भागांची रचना), ओपस म्हणजे प्रकाशन-क्रमांक 2, त्यातील क्रमांक 1, बसवत आहेत. सूर चुकत नाहीत, लयही बऱ्यापैकी टिकते. तरीही रेकॉर्डिंगमध्ये ऐकताना जी रचना अंगावर येते तीच आपल्या हाताखाली एखाद्या सरावपाठासारखी सपाट का वाटते, वेग वाढवावा की पेडल जास्त द्यावे, आणि ही ‘विद्यार्थ्यांची सोनाटा’ बाजूला ठेवून थेट नंतरच्या प्रसिद्ध सोनाटांकडे वळावे का, असे त्यांनी विचारले आहे. घरी 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे, हेही त्यांनी कळवले आहे.

माझे पहिले सांगणे असे की, वेग वाढवू नका आणि पेडलही वाढवू नका. ही सोनाटा मी गेली पंचवीसएक वर्षे शिकवतो आहे आणि तिच्याबाबत जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याची चूक एकाच ठिकाणी सुरू होते, ती म्हणजे पहिल्या 8 बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीतील मात्रांचा एक खण). तुमच्या वादनाचे रेकॉर्डिंग मी ऐकलेले नाही. पण ‘सपाट’ हा शब्द तुम्ही वापरला आहे, त्यावरून मी पैजेवर सांगतो की, तुम्ही सुरुवातीच्या चढत्या स्वरांवर आवाज वाढवत नेत असणार.

सुरुवात डोळ्यांसमोर आणा. उजव्या हातात मध्य सप्तकातील सी हा बार सुरू होण्याआधी उचललेला स्वर, मग एफ, ए-फ्लॅट, सी, एफ असे तुटक, स्टॅकॅटो स्वर आणि दुसऱ्या बारच्या सुरुवातीला वरचा ए-फ्लॅट. तो जरा लांबवलेला आणि त्याला लागून तीन झटपट स्वरांचे एक वळण, जे पुन्हा एफवर येऊन बसते. अशा एका दमात वर जाणाऱ्या स्वरपंक्तीला पाश्चात्त्य संगीताच्या अभ्यासकांनी ‘मानहाइम रॉकेट’ असे नाव दिले आहे, कारण अठराव्या शतकात मानहाइमच्या दरबारी वाद्यवृंदाची ती लाडकी लकब होती. नावाने घात केला आहे. रॉकेट म्हटले की विद्यार्थी ते उडवतो, म्हणजे खालून वर आवाज वाढवत नेतो आणि टोकाला दणका देतो. प्रत्यक्षात कागदावर काय आहे? हळू आवाजात वाजवण्याची ‘पी’ ही खूण सुरुवातीलाच आहे आणि त्यानंतर चार बार आवाज वाढवण्याची कोणतीही सूचना नाही. चढण आहे, पण दबक्या पावलांची. घरातले सगळे झोपलेले असताना जिना चढावा तशी.

मोझार्टच्या 1788 मधील जी मायनर सिंफनीचा शेवटचा भाग याच आकाराच्या स्वरपंक्तीने सुरू होतो, आणि म्हणून दोघांची तुलना नेहमी केली जाते. फरक मात्र मोलाचा आहे. मोझार्टकडे हळू आवाजातली चढण संपता संपता सारा वाद्यवृंद मोठ्या आवाजात तिला उत्तर देतो, म्हणजे ताण निर्माण होतो आणि लगेच सुटतोही. बीथोव्हेनकडे उत्तर मिळतच नाही. दुसरी चढण पहिल्यासारखीच हळू, फक्त आता डॉमिनंटच्या, म्हणजे पंचमाच्या, स्वरसमूहावर आणि टोकाचा स्वर एक पायरी वर, बी-फ्लॅट. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात वाफ कोंडावी तसे हे चालते.

आता पुढचा हिशेब पाहा, कारण सगळी गोम तिथे आहे. पहिली चढण दोन बारची, दुसरीही दोन बारची. पाचव्या बारमध्ये चढण गळून पडते आणि टोकाचा स्वर व त्याला चिकटलेले वळण एवढेच उरते, सहाव्यातही तेच. म्हणजे जे काम दोन बारमध्ये होत होते ते आता एका बारमध्ये उरकले जाते, आणि या दोन्ही ठिकाणी अचानक जोराची, स्फोर्त्सांदोची खूण आहे. टोकाचे स्वर ओळीने लावून पाहा: ए-फ्लॅट, बी-फ्लॅट, पुन्हा ए-फ्लॅट, बी-फ्लॅट आणि सातव्या बारमध्ये सी. त्या सीवर प्रथमच फोर्टिसिमो, म्हणजे अतिशय मोठ्याने, असे लिहिले आहे. तेथून सुरावट घरंगळत खाली येते आणि आठव्या बारमध्ये पंचमाच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहावर, अर्धवट थांबते. त्यापुढच्या विरामावर फर्माटाची खूण आहे, म्हणजे शांतता वाटेल तितकी लांबवायची मुभा.

तबल्यातील तिहाई जवळ येताना ऐकणाऱ्याला जसे आतून कळते की तुकडे लहान होत चालले आहेत, आता काहीतरी येणार, तसा हा परिणाम आहे. फरक एवढाच की येथे समेऐवजी पोकळी येते. जो वादक पहिल्याच ए-फ्लॅटवर आवाज खर्च करतो त्याच्याजवळ सातव्या बारसाठी काही शिल्लकच राहत नाही. मग सगळे शिखरस्वर एकाच उंचीचे होतात, आणि कान त्यालाच सपाट म्हणतो. तुमचा आवाज कमी पडत नसून तो फार लवकर खर्च होतो आहे, असे माझे निदान आहे.

यावर उपाय सांगतो. पहिले 4 बार आठवडाभर इतक्या हळू आवाजात वाजवा की शेजारच्या खोलीत कुणाला नीट ऐकू जाऊ नये, पण प्रत्येक स्वर मात्र टोकदार असू द्या. स्टॅकॅटो म्हणजे पट्टीवरून हात उडवणे नव्हे. बोटाचे टोक किंचित आत ओढून घेतले की तो नेटका होतो आणि मनगट स्थिर राहते. दुसऱ्या बारमध्ये डावा हात पहिल्या मात्रेवर गप्प असतो आणि मग तीन कॉर्ड वाजवतो. ते कॉर्ड बहुतेक जण उगाच ठोकतात. त्यांना नाडीच्या ठोक्याइतकेच महत्त्व द्या. पाचव्या आणि सहाव्या बारमधील जोर हा आजूबाजूच्या हळू आवाजाच्या मानाने जोर आहे, त्याला सातव्या बारची उंची गाठू देऊ नका. आणि आठव्या बारमधील शांततेला घाबरू नका. मी लहानपणी ज्यांच्याकडे शिकलो ते मडगावकडचे एक वृद्ध सर या ठिकाणी माझा हात मनगटाला धरून पट्ट्यांवर अधांतरी ठेवत आणि ‘अजून नाही, अजून नाही’ असे पुटपुटत. मला ती शांतता असह्य व्हायची. नवव्या बारमध्ये डाव्या हाताने तीच चढण खालच्या पट्टीत, सी मायनरमध्ये सुरू केली की अंधारातून कुणी बोलल्यासारखे का वाटते, ते मला त्या ‘अजून नाही’मुळे उमगले.

ही इतकी आवळलेली रचना कुठून आली, हे थोडे समजून घेतले तर वाजवताना मदत होते. बीथोव्हेनचा बाप्तिस्मा 17 डिसेंबर 1770 रोजी बॉनमध्ये झाला आणि 1792 च्या नोव्हेंबरमध्ये तो व्हिएन्नाला त्या काळचा नामवंत संगीतकार हायडन याच्याकडे शिकायला आला. हायडन 1794 च्या जानेवारीत दुसऱ्यांदा लंडनला गेला, तोपर्यंत हे शिक्षण चालले. पुढे बीथोव्हेनने आल्ब्रेख्ट्सबर्गरकडे काउंटरपॉइंटचा, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफण्याच्या तंत्राचा, कसून अभ्यास केला. ओपस 2 मधील तीन सोनाटा याच काळात आकाराला आल्या. हायडन लंडनहून परतल्यावर 1795 मध्ये, राजपुत्र लिख्नोव्स्की यांच्या घरच्या मैफलीत, बीथोव्हेनने त्या त्याच्यासमोर वाजवल्याचे सांगितले जाते. 1796 मध्ये व्हिएन्नाच्या आर्टारिया या प्रकाशनाने त्या छापल्या आणि त्या हायडनलाच अर्पण केलेल्या आहेत. बीथोव्हेनचा शिष्य फेर्डिनांड रीस याने आठवण लिहून ठेवली आहे की, आरंभीच्या प्रकाशनांवर ‘हायडनचा शिष्य’ असे छापावे अशी हायडनची इच्छा होती, पण धडे घेतले असले तरी त्यांच्याकडून मी काही शिकलो नाही, असे म्हणत बीथोव्हेनने ते नाकारले. तरुण माणसाच्या या फणकाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. तीन-चार स्वरांचा एक छोटा तुकडा घेऊन त्यातूनच अख्खा भाग उभा करणे ही हायडनचीच विद्या आहे, आणि हायडनची स्वतःची एफ मायनरमधील सुंदर व्हेरिएशन्स 1793 मधली, म्हणजे हा शिष्य त्याच्या घरी ये-जा करत होता त्याच वर्षातली आहेत.

शिवाय एफ मायनर ही पट्टी बीथोव्हेनला व्हिएन्नात सापडलेली नाही. 1783 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने कोलोनच्या इलेक्टरला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, अर्पण केलेल्या तीन सोनाटा छापल्या गेल्या, त्यांतील दुसरी एफ मायनरमध्येच आहे. त्यामुळे काटेकोर पाहायचे तर ओपस 2, क्रमांक 1 ही त्याची पहिली सोनाटा नव्हे. क्रमांक देण्याच्या लायकीची वाटलेली पहिली, असे म्हणता येईल. ‘विद्यार्थ्यांची सोनाटा’ हा शिक्का मात्र मला मुळीच मान्य नाही. त्या काळी हायडन आणि मोझार्ट यांच्या पियानो सोनाटा बहुधा तीन भागांच्या, हायडनच्या काही दोनच भागांच्या असत. चार भागांचा थाट सिंफनी आणि क्वार्टेट (चार वाद्यांची रचना) यांचा. पंचविशीतल्या बीथोव्हेनने ओपस 2 मधील तिन्ही सोनाटांना चार-चार भाग दिले. घरगुती वाद्यासाठीच्या रचनेला सिंफनीचे वजन देण्याची ही उघड घोषणा होती.

पहिल्या भागाकडे पुन्हा येतो, कारण दुसरी धून शिकवताना मला आपल्याच संगीताचा फार उपयोग होतो. एफला षड्ज मानले तर या भागाचे मूळ स्वर, हार्मोनिक मायनरच्या हिशेबाने, किरवाणीचे आहेत: कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. दुसऱ्या धुनेसाठी बीथोव्हेन षड्ज हलवतो आणि कोमल गंधाराला, ए-फ्लॅटला, नवा षड्ज करतो. मूर्च्छनेचा प्रयोग ज्यांनी ऐकला आहे त्यांना षड्ज सरकल्यावर अंगाखालची जमीन सरकल्याची जाणीव ठाऊक असते. पण येथे तो नवा षड्ज पायाला लागूच दिलेला नाही. डावा हात ई-फ्लॅट या एकाच स्वरावर अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या स्वरांत धडधडत राहतो, आणि ई-फ्लॅट म्हणजे नव्या षड्जाचा पंचम. तंबोऱ्याची फक्त पंचमाची तार छेडत राहावे आणि षड्जाच्या तारांना हातच लावू नये, अशी ही अवस्था. वर उजव्या हातात जी सुरावट आहे ती पहिल्या धुनेच्या उलट वरून खाली उतरते, तुटक नसून सलग लेगाटो आहे, आणि तिची सुरुवातच एफ-फ्लॅटने, म्हणजे नव्या षड्जाच्या कोमल धैवताने होते. पट्टी मेजर, पण रंग मायनरचा. पुढे उतरत्या स्केल्सची झोड संपून नवा षड्ज पक्का व्हायला 41 वा बार उजाडतो, आणि तेथे बीथोव्हेन ‘कॉन एस्प्रेसिओने’, म्हणजे भावपूर्ण, असे लिहून लगेच सी-फ्लॅट, नव्या पट्टीचा कोमल गंधार, आणून ठेवतो. घरी पोचलो म्हणावे तर ओसरीवर सावली बसलेली.

म्हणून दुसऱ्या धुनेत विसावू नका. अनेक जण येथे वेग कमी करतात, कारण ‘दुसरी धून गोड असते’ असे कुठेतरी वाचलेले असते. ही धून गोड नाही, अस्वस्थ आहे. डाव्या हाताची धडधड समान ठेवा, तिला वरचढ होऊ देऊ नका आणि एफ-फ्लॅटवर बोट जरासे रेलू द्या, एवढे पुरते. मधल्या विकासाच्या भागात हीच धून बी-फ्लॅट मायनर, सी मायनर अशी अधिक काळोख्या पट्ट्यांतून फिरते आणि डाव्या हाताकडेही जाते. तेथे गणित सरळ आहे, फक्त बोटांची मेहनत लागते. लक्ष द्यायचे ते त्याच्या शेवटी, 101 व्या बारआधीच्या काही बारांत: दुसऱ्या बारमधले ते छोटे वळण एकटेच, हळू आवाजात, भरकटत राहते आणि मग मूळ धून परतते ती फोर्टेमध्ये. सुरुवातीला जी गोष्ट कुजबुजत सांगितली होती तीच आता उघड आवाजात. सुरुवात मोठ्याने केलेल्या वादकाला या परतण्यात काहीच सांगता येत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

पेडलबद्दल. ओपस 2 मध्ये पेडलची एकही खूण नाही. बीथोव्हेनच्या छापील सोनाटांत पेडलच्या खुणा 1802 च्या सुमारास दिसू लागतात. पण म्हणून त्या काळच्या वाद्यात ती सोय नव्हती असे नव्हे. व्हिएन्नाच्या पियानोंवर डॅम्पर, म्हणजे तारांचा नाद थांबवणारे तुकडे, उचलायला गुडघ्याने दाबायची पट्टी असे. ते वाद्य आजच्या पियानोहून फार वेगळे होते: लाकडी सांगाडा, चामडे लावलेल्या चिमुकल्या हातोड्या, पाच सप्तकांची मर्यादा, आजच्या मानाने उथळ दाबल्या जाणाऱ्या हलक्या पट्ट्या आणि चटकन विरून जाणारा नाद. त्याच्या खालच्या पट्टीत डाव्या हाताचे कॉर्ड स्वच्छ, जवळजवळ कोरडे ऐकू येत. आजच्या कॉन्सर्ट पियानोवर तेच कॉर्ड गडगडतात. आर्टारियाने मुखपृष्ठावर ‘क्लॅव्हसँ किंवा पियानोफोर्टेसाठी’ असे छापले होते, पण तो विक्रीचा रिवाज समजावा. स्फोर्त्सांदो आणि फोर्टिसिमो यांचा हा खेळ क्लॅव्हसँवर, म्हणजे हार्पसिकॉर्डवर, होणारच नाही. तेव्हा पहिल्या भागात पेडल बहुतांशी बंद ठेवा, ‘कॉन एस्प्रेसिओने’च्या बारांत थोडे द्या, आणि सुरुवातीच्या चढणीवर तर पाय पेडलपासून दूर ठेवलेलाच बरा. तेथे पेडल दिले की पाच वेगळ्या स्वरांचा एक कॉर्ड होतो आणि जिन्याच्या पायऱ्या जाऊन घसरगुंडी उरते.

दुसरा, संथ भाग, अ‍ॅडाजिओ, याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, आणि मला वाटते तुमचे खरे दुखणे तेथेही असावे. हा भाग एफ मेजरमध्ये आहे. (एकूण चारही भागांचा षड्ज एकच, एफ, फक्त मायनर, मेजर, मायनर आणि मध्ये मेजरचा ट्रिओ (तिसऱ्या भागातील मधला तुकडा), पुन्हा मायनर असा प्रकाश बदलतो.) याची मूळ सुरावट बीथोव्हेनने बॉनमध्ये 1785 मध्ये, चौदा वर्षांचा असताना, सी मेजरमधल्या पियानो क्वार्टेटच्या संथ भागासाठी लिहिलेली होती. ते क्वार्टेट त्याच्या हयातीत छापले गेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर 1828 मध्ये आर्टारियानेच ते छापले. म्हणजे व्हिएन्नाच्या जाणकारांसमोर, खुद्द हायडनसमोर, ठेवायच्या पहिल्या संग्रहात त्याने दहा वर्षे जुनी, पोरवयातली धून उचलून आणली. जुने दागिने मोडून नवे घडवावेत तसे त्याने केले: धून तीच, पण तिच्यानंतर डी मायनरमधला एक व्याकूळ परिच्छेद आला आणि धुनेवरचे नक्षीकाम दाट झाले.

हे नक्षीकाम नेमके कशासाठी आहे, ते त्या चटकन विरणाऱ्या नादाचा विचार केला की कळते. लांब स्वर पियानोवर धरून ठेवता येत नाही, तो विझत जातो. म्हणून सुरावट थांबू नये यासाठी तिच्याभोवती छोटे स्वर फिरवले जातात. विद्यार्थी हे छोटे स्वर समान आणि घाईने, टाइप केल्यासारखे वाजवतात. ते तसे नकोत. मी विद्यार्थ्यांना सांगतो की, आधी नक्षी पूर्ण काढून टाका आणि धुनेचे फक्त मुख्य स्वर गा. हो, तोंडाने गा, आवाज कसाही असो. कुठे श्वास घ्यावासा वाटतो ते पेन्सिलीने लिहा. मग नक्षी परत घाला, पण श्वासाच्या जागा हलवू नका. मात्रा तीनऐवजी सहाच्या हिशेबाने मोजा, म्हणजे घाई आपोआप आटोक्यात येते. वेग असा निवडा की त्यातला सर्वांत दाट बार तुम्हाला धाप न लागता म्हणता येईल. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला खटका-मुरकी मूळ स्वराला कशी बिलगून येते हे वेगळे शिकवावे लागत नाही. तो कान येथे जरूर वापरा, फक्त लयीत सैलपणा आणू नका, कारण डाव्या हाताची चाल सरळ आहे.

तिसरा भाग, मिन्युएट, याबद्दल थोडक्यात. तो नाचाचा आहे हे विसरून जा. त्यातले विराम आणि अनपेक्षित फोर्टिसिमो त्याला नाचू देत नाहीत. ट्रिओमध्ये दोन्ही हात एकमेकांच्या मागून गुण्यागोविंदाने चालतात आणि मग ट्रिओच्याच उत्तरार्धात जोडस्वरांची एक वाट येते, जिच्यापाशी भलेभले अडखळतात. तेथे बोटांचा क्रम एकदा ठरवून वहीत लिहून टाका आणि परत बदलू नका. मी तीन वेळा बदलला आणि तिन्ही वेळा पस्तावलो.

शेवटचा भाग प्रेस्तिसिमो, म्हणजे अतिजलद, आणि येथे मात्र वेगाचा मोह आवरणे अवघड. डाव्या हातात बारला 12 स्वरांची त्रिके अखंड पळत असतात आणि वर उजव्या हाताचे कॉर्ड एकदा हळू, एकदा मोठे असे तलवारीच्या हातांसारखे पडतात. विशीत असताना एका परीक्षेत मी हा भाग रेकॉर्डिंग ऐकून ठरवलेल्या वेगात सुरू केला आणि दुसऱ्या पानावर माझा डावा हात कोपरापर्यंत दगड झाला. परीक्षकांनी कागदावर काय लिहिले ते जाऊ द्या. मला धडा मिळाला तो असा की, त्रिके बोटांनी वाजवायची नसतात. मनगट आणि पुढचा हात दाराची मूठ फिरवल्यासारखा अगदी थोडा फिरत राहिला पाहिजे, बोटांनी केवळ जागा दाखवायची. रोज 10 मिनिटे फक्त डावा हात, हळू आवाजात, निम्म्या वेगाने. खांदा वर चढला की थांबायचे. वेगाची मर्यादा या हाताने ठरवावी, उजव्याने नव्हे.

या भागाच्या मध्यावर, जेथे नियमाने पहिल्या धुनांचा विकास अपेक्षित असतो, तेथे बीथोव्हेन सरळ नवीनच धून आणतो: ए-फ्लॅट मेजर, ‘सेम्प्रे पियानो ए दोल्चे’, सतत हळू आणि मधुर. त्रिकांची धाव प्रथमच थांबते. पहिल्या भागात ज्या ए-फ्लॅटने आपल्याला पाय टेकू दिला नव्हता, तो षड्ज येथे अखेर मोकळा भेटतो, असे मला दर वेळी वाटते. हे माझे ऐकणे आहे, शास्त्र नव्हे. ही धून परतताना जरा जास्तच गोंडस वाजवण्याचा मोह होतो. लय मात्र तीच ठेवा. बाजूच्या वादळाइतकीच ती जलद आहे, फक्त लांब स्वर असल्यामुळे संथ भासते. आणि अगदी शेवटी उतरत्या त्रिकांच्या झोताने रचना संपते तेथे वेग कमी करू नका. रिटार्डांडो तेथे लिहिलेलेच नाही. दार बंद होते आणि बस.

प्रत कोणती घ्यावी, हेही सांगून टाकतो, कारण तुमच्याकडे इंटरनेटवरून छापून घेतलेली जुनी प्रत असण्याचा संभव आहे. ओपस 2 चे बीथोव्हेनच्या हातचे हस्तलिखित उपलब्ध नाही. आर्टारियाची पहिली छपाई हाच मुख्य आधार आहे. एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी त्यात आपापल्या मते स्लर (स्वर जोडून वाजवण्याच्या कमानी), आवाज वाढवण्या-कमी करण्याच्या खुणा आणि पेडल भरून टाकले. पहिल्या 4 बारांवर आवाज वाढवण्याची कात्रीच्या आकाराची खूण तुमच्या प्रतीत छापलेली असेल, तर ती बीथोव्हेनची नाही. हेन्ले, बेरेनराइटर किंवा व्हिएनीज उर्टेक्स्ट या मूळबरहुकूम प्रती छापणाऱ्या प्रकाशनांपैकी कोणतीही एक प्रत घ्या. भारतात त्या मागवून घेता येतात आणि पैसे वसूल होतात.

डिजिटल पियानोवर हे सारे साधेल का? बरेचसे साधेल. हळू आवाजाच्या छटा त्यावर कमी मिळतात, म्हणून व्हॉल्यूमचे बटण निम्म्याच्या वर ठेवा आणि आवाज बोटांनी कमी करा. बटण खाली ठेवून जोरात वाजवायची सवय या सोनाटेला सर्वांत घातक आहे. महिन्यातून एकदा तरी खऱ्या पियानोवर बसायची सोय पाहा. तोवर पहिले 8 बार फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐकताना नजर फक्त एका गोष्टीवर ठेवा: सातव्या बारमधला सी हा दुसऱ्या बारमधल्या ए-फ्लॅटपेक्षा खरोखर किती मोठा आला आहे. नंतरच्या सोनाटांविषयी मग बोलू.